गुण कशाला मिळतात? 'बर्नआउट लेजंड्स' या गेमचं मूल्यमापन



मुलाच्या हातात रेसिंगचा गेम दिसला की पालकांचा प्रश्न ठरलेला असतो, "हा गेम चांगला की वाईट?" आपण शिक्षक मात्र परीक्षेचा विषय निघाला की आधी गुणदान योजना बघतो. ज्याला गुण मिळतात तेच मुलं मन लावून करतात, हे आपल्याला अनुभवाने माहीत आहे. गेमलाही हीच कसोटी लावावी, असं माझं स्पष्ट मत आहे.

उदाहरण म्हणून 'बर्नआउट लेजंड्स' घेऊ. क्रायटेरियन या ब्रिटिश कंपनीचा हा गेम २००५ साली सोनीच्या पी.एस.पी.वर, म्हणजे दोन्ही हातांत धरून खेळायच्या छोट्या यंत्रावर आला. पी.एस.पी.चं उत्पादन कधीच बंद झालंय. पण दादाचं किंवा मामेभावाचं जुनं यंत्र धाकट्यांकडे येतं आणि त्याच्यासोबत हा गेमही.

खेळ म्हणून तो फर्मास आहे, हे आधी मान्य करू. एवढ्याशा पडद्यावर वेगाचा असा भास होतो की आपण खुर्चीत बसून वळणावर अंग झुकवतो! शर्यत काही मिनिटांचीच, त्यामुळे "ही एक रेस झाली की जेवायला ये" हे सांगणं जमतं. हरलेलं मूल तोच रस्ता पुन्हा खेळतं, कोणतं वळण कुठे येतं ते पाठ करतं. ही चिकाटी गणिताच्या वहीत दिसली असती तर, असं मनात येतंच!

आता गुणदान बघा. गाडीला जास्तीचा वेग देणारी एक पट्टी पडद्यावर असते, तिला बूस्ट म्हणतात. ती भरते कशी? समोरून वाहनं येतात त्या उलट्या बाजूने गाडी चालवली की भरते. दुसऱ्या वाहनाला अगदी घासून, पण न धडकता निसटलात की भरते. वळणावर गाडी घसरवत नेली की भरते. आणि दुसऱ्या स्पर्धकाला भिंतीवर किंवा ट्रकवर ढकलून दिलं, तर त्याला 'टेकडाउन' म्हणतात आणि पट्टी भरतेच, शिवाय लांबतेही. आपल्या बाजूने, अंतर राखून, शिस्तीत चालवणाऱ्याच्या वाट्याला काय? काही नाही. क्रॅश नावाच्या प्रकारात तर शर्यतच नसते. वाहत्या चौकात गाडी घुसवायची, जितकं नुकसान मोठं तितके डॉलर जास्त.

थोडक्यात, वाहतुकीचे नियम शिकवताना आपण जे जे 'करू नये' या रकान्यात लिहितो, त्याला इथे पैकीच्या पैकी!

तरीही मला सर्वांत जास्त खटकली ती दुसरीच गोष्ट. या गेमच्या रस्त्यावर माणूस नाही. फुटपाथवर कुणी चालत नाही, शाळा सुटलेली नाही, सायकलवर कुणी नाही, धडकलेल्या गाडीतून कुणी बाहेर येत नाही. दोन-चार सेकंदांत आपली गाडी पुन्हा नवीकोरी होऊन धावू लागते. रक्त दाखवत नाहीत म्हणून पालक निश्चिंत असतात. पण ज्याच्यासाठी ब्रेक दाबायचा, तो माणूसच या चित्रातून वगळलाय.

म्हणून गेम हिसकावून घ्यायचा का? मला नाही वाटत. गेममुळे मूल उद्या उलट्या बाजूने गाडी घालेल, इतकं सरळ गणित नसतं. पाचवी-सहावीच्या मुलाला खेळ आणि रस्ता यांतला फरक कळतो, फक्त घरातल्या मोठ्यांनी तो फरक पाळायला हवा. इथेच गाडी अडते बघा. गेमवरून रागावणारे पालकच नववीतल्या मुलाला क्लासला जायला स्कूटरची किल्ली देतात. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यात अशा पालकाला किंवा गाडीच्या मालकाला २५,००० रुपये दंड आणि ३ वर्षांपर्यंत कैद आहे, हे किती जणांना ठाऊक आहे? मे २०२४ मध्ये पुण्यात कल्याणीनगरला भरधाव मोटारीने दोन तरुण अभियंत्यांचा जीव गेला. गाडी चालवल्याचा आरोप असलेल्या १७ वर्षांच्या मुलाला जामीन देताना घातलेल्या अटींत अपघातांवर ३०० शब्दांचा निबंध लिहिण्याची अट होती. निबंध शिकवणाऱ्या प्रत्येकाला ती बातमी वाचताना कसंतरीच झालं असणार.

निबंध लिहून घ्यायचाच, तर तो आधी घेऊया. गेम खेळणाऱ्या मुलांना वहीत दोन रकाने आखायला सांगा : गेममध्ये गुण कशाला मिळतात आणि आपल्या गावातल्या रस्त्यावर त्याच गोष्टीचं काय होतं. मग विचारा, "या रस्त्यावर कोण कोण नाही?" यादी त्यांनाच करू द्या. आजी, भाजीवाली, दूधवाला, कुत्रं, पहिलीतली मुलं... त्या यादीतल्या एकाचं मनोगत लिहायला द्या. पालकांनी घरी एक शर्यत स्वतः खेळून बघावी. मुलगा जिंकेल, हे गृहीत धरा. आणि खेळ संपल्यावर मुलासोबत बाहेर जाल तेव्हा हेल्मेट घाला, कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत जायचं असलं तरी.