विश्लेषण : बायोस अपडेट फसले, स्क्रीन काळी पडली… मदरबोर्ड खरोखरच ‘गेला’ का?

मदरबोर्डचे बायोस अद्ययावत करणे हे काही वर्षांपूर्वीपर्यंत हौशी मंडळींचे काम मानले जाई. आता सर्वसामान्य वापरकर्त्यालाही ते टाळता येत नाही. हे अपडेट मध्येच अडकले तर संगणक सुरूच होत नाही. मग ‘बोर्ड गेला’ असे सांगितले जाते आणि ग्राहक नव्या बोर्डचे पैसे मोजतो. प्रत्यक्षात अशा वेळी बोर्ड बहुधा शाबूत असतो. मग नेमके बिघडते काय, आणि ते दुरुस्त कसे होते?

बायोस म्हणजे काय आणि ते असते कुठे?

संगणकाचे बटण दाबल्यापासून विंडोज किंवा लिनक्स सुरू होईपर्यंतच्या काही सेकंदांत एक छोटा प्रोग्राम काम करत असतो. तो प्रोसेसर आणि रॅम कामाला लावतो, डिस्क शोधतो आणि मग ऑपरेटिंग सिस्टीमच्या हाती सूत्रे देतो. हार्डवेअरमध्येच मुक्काम असलेल्या अशा प्रोग्रामला फर्मवेअर म्हणतात. आजच्या संगणकांत हे फर्मवेअर यूईएफआय पद्धतीचे असते, पण बोलताना सगळे त्याला बायोसच म्हणतात.

बायोस हार्ड डिस्कवर नसते. मदरबोर्डवर आठ पायांची एक छोटी फ्लॅश चिप असते, तिच्यात ते साठवलेले असते. आजच्या बहुतेक बोर्डांवर या चिपची क्षमता १६ किंवा ३२ मेगाबाइट असते. मोबाइलने काढलेल्या मोजक्या फोटोंना लागते तेवढीच ही जागा. पण तिच्यातला मजकूर बिघडला तर हजारो रुपयांचा प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड नुसते बसून राहतात.

अपडेट फसते म्हणजे काय होते?

फ्लॅश चिपमधल्या जुन्या मजकुरावर थेट नवा मजकूर लिहिता येत नाही. पाटी आधी पुसावी लागते, मगच नवे लिहिता येते. अपडेटचा प्रोग्राम चिपचा एकेक भाग पुसतो, त्यात नवा मजकूर भरतो आणि तो बरोबर उतरला का ते तपासतो. पुसणे आणि लिहिणे यांच्या मध्येच वीज गेली तर चिपमध्ये जुनेही पूर्ण उरत नाही आणि नवेही पूर्ण झालेले नसते. पुढच्या वेळी बटण दाबल्यावर प्रोसेसर पहिली आज्ञा शोधायला जातो आणि तिथे त्याला अर्थहीन मजकूर मिळतो.

वीज जाणे हे नेहमीचे कारण, पण एकमेव नव्हे. चुकीच्या मॉडेलची फाइल घालणे, एकाच मॉडेलच्या दोन आवृत्त्यांमध्ये गल्लत होणे, खराब पेनड्राइव्ह, ओव्हरक्लॉक केलेल्या अस्थिर संगणकावर अपडेट चालवणे, विंडोजमधून अपडेट सुरू असताना सगळे गोठणे, अशीही कारणे असतात. कधी कंपनीची फाइलच सदोष निघते. २०२४च्या मध्यावर एचपीच्या प्रोबुक मालिकेतील काही लॅपटॉप बायोस अपडेटनंतर बंद पडल्याच्या तक्रारी जगभरातून आल्या होत्या. डिसेंबर २०१७मध्ये तर उबुंटू १७.१० या लिनक्स आवृत्तीचे डाउनलोड काही काळ मागे घ्यावे लागले, कारण तिच्यातल्या एका ड्रायव्हरमुळे लेनोवोच्या आणि इतर काही लॅपटॉपचे बायोस बिघडत होते.

मग अपडेट न करणेच शहाणपणाचे नाही का?

‘चालतंय ना, मग हात लावू नका’ हा सल्ला बराच काळ योग्य होता. गेल्या काही वर्षांत परिस्थिती बदलली. एप्रिल २०२३मध्ये एएमडीच्या रायझन ७००० एक्स३डी मालिकेतील काही प्रोसेसर जळाल्याच्या तक्रारी आल्या. त्यावरचा उपाय बायोस अपडेटमधूनच आला. प्रोसेसरच्या एका भागाला मिळणारा एसओसी व्होल्टेज १.३ व्होल्टपर्यंत मर्यादित करण्यात आला. २०२४मध्ये इंटेलच्या तेराव्या आणि चौदाव्या पिढीतील डेस्कटॉप प्रोसेसरांची अस्थिरता गाजली. तेव्हाही ऑगस्ट २०२४पासून मदरबोर्ड कंपन्यांच्या बायोसमार्फतच सुधारित मायक्रोकोड वापरकर्त्यांपर्यंत पोहोचवला गेला. आधीच झालेले नुकसान त्याने भरून निघत नव्हते, त्यामुळे अपडेटला उशीर करणेच धोक्याचे ठरले.

आता तिसरे कारण समोर आहे. संगणक सुरू होताना अनोळखी प्रोग्राम घुसू नये म्हणून सिक्युअर बूट ही व्यवस्था असते. तिच्यासाठी मायक्रोसॉफ्टने २०११मध्ये दिलेल्या प्रमाणपत्रांपैकी काहींची मुदत जून २०२६मध्ये, तर एकाची ऑक्टोबर २०२६मध्ये संपते. त्यांची जागा २०२३ची नवी प्रमाणपत्रे घेत आहेत. बहुतेक संगणकांना ती विंडोज अपडेटमधून मिळतात, पण काहींना आधी कंपनीचे नवे फर्मवेअर घ्यावे लागते. मुदत संपली म्हणून संगणक बंद पडत नाही. मात्र सुरू होण्याच्या टप्प्याशी संबंधित पुढील सुरक्षा सुधारणा त्याला मिळेनाशा होतात. विंडोज १०चा सर्वसाधारण पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपल्यानंतर विंडोज ११कडे वळताना ज्यांना बायोसची सेटिंग्ज बदलावी लागली, त्यांच्यापैकी अनेकांचा बायोसशी पहिला परिचयही तेव्हाच झाला.

शिवाय अनेक लॅपटॉपवर फर्मवेअर आता विंडोज अपडेटमधूनच येते. संगणक रीस्टार्ट झाल्यावर नेहमीपेक्षा वेगळी पट्टी सरकताना दिसते. ती काय आहे हे ठाऊक नसलेला माणूस कंटाळून पॉवर बटण दाबून धरतो, आणि तिथेच घात होतो.

काळी स्क्रीन म्हणजे अपडेट फसलेच का?

नाही. डीडीआर५ रॅमच्या बोर्डांवर, विशेषतः एएमडीच्या एएम५ सॉकेटवर, अपडेटनंतर पहिल्यांदा सुरू होताना रॅमची नव्याने जुळवणी होते. त्यात काही मिनिटे जाऊ शकतात. तेवढा वेळ पंखे फिरतात, पण स्क्रीनवर काही येत नाही. अशा वेळी किमान १५ मिनिटे थांबणे योग्य.

दुसरा गैरसमज बिटलॉकरचा. अपडेटनंतर विंडोजने निळ्या पडद्यावर ४८ अंकी रिकव्हरी की मागितली तर बायोस बिघडलेले नसते. फर्मवेअर बदलल्याचे ओळखून डिस्कच्या कुलपाने खात्री करायला मागितलेली ती ओळख असते. मात्र ही की जपून ठेवलेली नसेल तर बोर्ड ठणठणीत असूनही डिस्कवरचा सगळा मजकूर हातचा जातो. म्हणून अपडेटआधी की लिहून ठेवणे आणि बिटलॉकर तात्पुरते स्थगित करणे महत्त्वाचे.

बोर्ड पुन्हा सुरू करण्याचे मार्ग कोणते?

पहिला मार्ग सेटिंग्ज पुसण्याचा. संगणकाचा वीजपुरवठा पूर्ण तोडून क्लिअर सीमॉसचे बटण किंवा जंपर वापरायचा, किंवा बोर्डवरची सीआर२०३२ ही बटणासारखी बॅटरी काही मिनिटे काढून ठेवायची. याने फक्त सेटिंग्ज मूळ पदावर येतात, बायोसचा प्रोग्राम दुरुस्त होत नाही. पण जुन्या सेटिंग्ज नव्या आवृत्तीशी जुळत नसल्याने संगणक अडला असेल तर एवढ्यावरही काम भागते.

दुसरा मार्ग बूट ब्लॉकचा. अनेक बोर्डांवर चिपचा एक छोटा भाग अपडेटच्या वेळी पुसला जात नाही. उरलेला मजकूर बिघडलेला दिसला तर हा भाग पेनड्राइव्हवर किंवा डिस्कवर मूळ फाइल शोधतो. लॅपटॉपमध्ये त्यासाठी ठरलेली बटणे असतात. एचपीच्या अनेक मॉडेलवर विंडोज आणि बी ही बटणे धरून पॉवर बटण दाबायचे असते. डेलच्या अनेक मॉडेलवर कंट्रोल आणि एस्केप धरून चार्जर जोडायचा असतो.

तिसरा मार्ग दोन चिपचा. गिगाबाइटच्या काही बोर्डांवर ड्युअल बायोस असते. मुख्य चिप बिघडली तर दुसऱ्या चिपवरची प्रत कामाला येते.

चौथा मार्ग आजच्या डेस्कटॉप बोर्डांवर सर्वांत भरवशाचा, तो म्हणजे फ्लॅशबॅक. आसूस, एमएसआय, एएसरॉक आणि गिगाबाइट यांच्या अनेक बोर्डांवर मागच्या बाजूला एक खास बटण आणि त्यासाठीचा यूएसबी पोर्ट असतो. गिगाबाइटमध्ये या सोयीला क्यू-फ्लॅश प्लस म्हणतात. बोर्डवरची एक स्वतंत्र छोटी चिप पेनड्राइव्हवरची फाइल वाचते आणि बायोसच्या चिपमध्ये भरते. प्रोसेसर आणि रॅम बसवलेली नसली तरी चालते. पॉवर सप्लायच्या जोडण्या तेवढ्या हव्यात.

इथे बरेच जण फाइलच्या नावावर अडतात. पेनड्राइव्ह एफएटी३२ पद्धतीने फॉरमॅट केलेला हवा आणि फाइलला कंपनीने ठरवलेले नावच द्यायला हवे. एमएसआयला एमएसआय डॉट रॉम, गिगाबाइटला गिगाबाइट डॉट बिन, एएसरॉकला क्रिएटिव्ह डॉट रॉम असे नाव लागते. आसूसमध्ये प्रत्येक मॉडेलचे नाव वेगळे असते आणि ते देणारा छोटा प्रोग्राम फाइलसोबतच मिळतो. नाव चुकले तर दिवा काही वेळ लुकलुकून थांबतो आणि ‘हाही उपाय हरला’ असे वाटते. दिवा लुकलुकत असताना काही मिनिटे कशालाही हात न लावणे हाच नियम.

घरचे उपाय संपले तर?

तेव्हा चिपशी थेट बोलावे लागते. सीएच३४१ए नावाचा स्वस्त प्रोग्रामर आणि चिपच्या आठ पायांना धरणारी क्लिप वापरून दुरुस्तीवाले मजकूर पुन्हा भरतात. मुंबईतील लॅमिंग्टन रोडपासून तालुक्याच्या गावापर्यंत ‘चिप लेव्हल’ काम करणाऱ्या दुकानांत हे कौशल्य सापडते. काम नवा बोर्ड घेण्यापेक्षा स्वस्तात होते, पण त्यात दोन धोके आहेत.

पहिला धोका व्होल्टेजचा. काही चिप ३.३ व्होल्टवर चालतात, काही १.८ व्होल्टवर. चुकीचा पुरवठा दिला तर शाबूत चिपही जळते. दुसरा धोका मजकुराचा. त्या चिपमध्ये बायोसबरोबरच नेटवर्कचा मॅक पत्ता, अनुक्रमांक आणि लॅपटॉपमध्ये बऱ्याचदा विंडोजचा परवानाही असतो. म्हणून काम जाणणारा कारागीर आधी जुना मजकूर दोनदा वाचतो, दोन्ही प्रती जुळतात का पाहतो आणि मगच नवे लिहितो. दुसऱ्याच लॅपटॉपची प्रत जशीच्या तशी घातली तर संगणक कदाचित सुरू होईल, पण त्याची ओळख हरवलेली असेल. दुकानदाराला ‘आधी बॅकअप घेणार का?’ हा एक प्रश्न विचारला तरी कामाचा दर्जा कळतो.

काही बोर्ड सहज वाचतात, काही नाही, असे का?

बिघडलेल्या मजकुरावर अवलंबून नसलेली वाट कंपनीने ठेवली आहे का, यावर सगळे ठरते. हा धडा जुना आहे. तैवानमधील चेन इंग-हाऊ या विद्यार्थ्याने १९९८मध्ये लिहिलेला सीआयएच विषाणू २६ एप्रिल १९९९ रोजी जगभरातील संगणकांत जागा झाला. तो हार्ड डिस्कवरचा मजकूर तर पुसायचाच, शिवाय काही मदरबोर्डांच्या बायोसवरही निरर्थक मजकूर लिहायचा. तेव्हा अनेक बोर्डांवर बायोसची चिप सॉकेटमध्ये बसवलेली असल्याने ती बदलता येई. पुढे ती थेट बोर्डवर डकवली जाऊ लागली आणि ही साधी सोय गेली.

अमेरिकेतील एनआयएसटी या मानक संस्थेने मे २०१८मध्ये फर्मवेअरसाठी तीन तत्त्वे मांडली : ते सुरक्षित राखणे, बिघाड ओळखणे आणि मूळ स्थितीत परत आणता येणे. महागड्या सर्व्हरमध्ये आणि कार्यालयीन लॅपटॉपमध्ये यातले तिसरे तत्त्व बऱ्यापैकी पाळले जाते. स्वस्त बोर्ड आणि लॅपटॉपमध्ये मात्र फ्लॅशबॅकचे बटण आणि दुसरी चिप अनेकदा पहिल्यांदा गाळली जाते. अपडेट सर्वांनाच करावे लागते, परतीची वाट मात्र किमतीनुसार मिळते. खरी अडचण इथे आहे.

ग्राहकाने काय लक्षात ठेवावे?

नवा बोर्ड किंवा लॅपटॉप घेताना प्रोसेसरच्या वेगाबरोबरच ‘बायोस बिघडले तर परत कसे आणायचे?’ हेही माहितीपुस्तिकेत पाहावे. अपडेट करण्याआधी मॉडेल आणि आवृत्ती बोर्डवरच वाचून घ्यावी, फाइल कंपनीच्याच संकेतस्थळावरून घ्यावी, ओव्हरक्लॉकिंग बंद करावे. डेस्कटॉपला यूपीएस जोडावा, लॅपटॉपची बॅटरी भरलेली आणि चार्जर लावलेला असावा. पावसाळ्यात वीज येते-जाते तिथे तर ही अटच समजावी. मूळ फाइल एका पेनड्राइव्हवर आधीच तयार ठेवली तर नंतर दुसरा संगणक शोधत फिरावे लागत नाही.

वॉरंटीतल्या संगणकाचे बायोस कंपनीने स्वतःहून पाठवलेल्या अपडेटने बिघडले, तर दुरुस्तीची मागणी आधी कंपनीकडेच लेखी करावी आणि दाद मिळाली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवावी. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने डिसेंबर २०२२मध्ये ‘राइट टू रिपेअर’ पोर्टल सुरू केले. वस्तू दुरुस्त कशी होते याची माहिती ग्राहकाला मिळावी, हा त्यामागचा हेतू. बायोसच्या बाबतीत ती माहिती फार गुंतागुंतीची नाही. बिघाड बहुधा एका छोट्या चिपमधल्या मजकुराचा असतो. एवढे ठाऊक असलेला ग्राहक ‘बोर्ड गेला’ हे वाक्य ऐकून लगेच पाकीट काढणार नाही. चिपमध्ये फाइल पुन्हा भरून पाहिली का, हे तो आधी विचारेल.