रोगप्रतिकारशक्ति आणि आपला डबा

किल्ल्याचा तट कितीहि भक्कम असला तरी त्यावरील शिपाई उपाशी आणि जागरणानें थकलेले असतील, तर शत्रूस आंत शिरण्यास वेळ लागत नाहीं. आपल्या देहाचेंहि असेंच आहे. २०२० सालच्या करोनाच्या सांथीपासून ‘प्रतिकारशक्ति वाढविणारीं’ चूर्णें, गोळ्या व पेयें यांनीं दुकानें भरलीं आहेत. कित्येक आईबाप पदरमोड करून तीं घेतात. परंतु त्याच घरचा मुलगा सकाळीं चहा-बिस्किटावर शाळेस येतो, मधल्या सुटींत वेफर्सचें पाकीट फोडतो आणि रात्रीं बारापर्यंत मोबाईल पाहत जागतो. आमच्या मतें हा व्यवहार उफराटा आहे. रोजचा डबा आणि रोजची झोप यांकडे दुर्लक्ष करून बाटलींतून प्रतिकारशक्ति विकत घेतां येणार नाहीं.

यास सबळ पुरावा आहे. झारखंडांत डॉ. अनुराग भार्गव व त्यांचे सहकारी यांनीं केलेल्या एका मोठ्या प्रयोगाचा निष्कर्ष २०२३ सालीं ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकांत प्रसिद्ध झाला. क्षयरोग्यांच्या घरांतील १०,३४५ माणसें त्यांत होतीं. एका गटांतील प्रौढांस दरमहा माणशीं ५ किलो तांदूळ, दीड किलो तूरडाळ व जीवनसत्त्वें देण्यांत आलीं. दुसऱ्या गटांत शिधा केवळ रुग्णास मिळाला. सुमारें दोन वर्षांच्या देखरेखींत पहिल्या गटांत नव्यानें क्षय होण्याचें प्रमाण ३९ टक्क्यांनीं कमी आढळलें. ही किमया कोणत्याहि महागड्या औषधानें केली नव्हती. ती मुख्यतः वरणभाताची होती.

याचें कारण समजण्यास कठीण नाहीं. रोगजंतूंशीं झुंजणारीं प्रतिपिंडें हीं प्रथिनेंच होत. आहारांत प्रथिनें नसतील, तर शरीरानें तीं घडवावींत कशाचीं? जीवनसत्त्व ‘अ’ हें नाक, घसा व आंतडें यांचें आंतील अस्तर धड राखतें. घाटकोपरपासून फार दूर नसलेल्या गोवंडींत २०२२ च्या अखेरीस गोवराची सांथ आली आणि कित्येक बालकें दगावलीं. लस आणि पोषण या दोहोंची जेथें उणीव असते, तेथें गोवर असा घातक होतो. म्हणूनच त्यावेळीं लसीबरोबर जीवनसत्त्व ‘अ’ हि देण्यांत आलें. उत्तम आहार घेणाऱ्यानेंहि लस टाळूं नये, हा धडा त्यांत आहेच.

झोपेचें महत्त्वहि तितकेंच. २०१५ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन प्रयोगांत १६४ निरोगी प्रौढांच्या नाकांत पडशाच्या विषाणूचे थेंब घालण्यांत आले. सात तासांहून अधिक झोपणाऱ्यांच्या मानानें सहा तासांहून कमी झोपणाऱ्यांस पडसें होण्याचा संभव चौपटीहून अधिक ठरला. परीक्षेच्या आदल्या रात्रीं जागरण करणाऱ्यांनीं हा आंकडा ध्यानांत ठेवावा.

कोणी म्हणेल, बोरिवलीहून पहांटेची लोकल गांठणाऱ्या आईनें हें सर्व कधीं करावें? प्रश्न रास्त आहे. पण डबा ही एकट्या आईची जबाबदारी कां असावी? मटकी रात्रीं भिजत घालणें, अंडें उकडणें, शेंगदाणे भाजून ठेवणें हीं कामें वडिलांस व मोठ्या मुलांस सहज जमतील. उसळ-पोळी, नाचणीची भाकरी, पेरू, शेवग्याचा पाला, वर्सोव्याच्या बाजारांतील मांदेली हें सारें आपल्या हाताशीं आहे.

विद्यार्थिमित्रांनो, अखेरीस एक विनंति. क्षयाचा जंतु हवेंतून पसरतो. तो श्रीमंताचें घर व गरिबाची खोली असा भेद करीत नाहीं. वर्गांत एखादा सोबती डबा न आणतां येत असेल, तर त्यास न बोलतां आपल्या घासांत वांटेकरी करा. त्याचें पोट भरेल, त्याचें बळ वाढेल, आणि त्याच्या बळांत तुमचीहि सुरक्षितता आहे.