डायरी बदलली, हिशेब कुठे गेला?

महाड आणि पोलादपूर तालुक्यांतल्या कोकणी मुस्लिम घरांत आखातातला पैसा आला, तसं त्या पैशाचं देणं-घेणंही आलं. कोणी व्हिसासाठी उसने घेतले, कोणी बहिणीच्या लग्नासाठी दिले, कोणी गावच्या घरासाठी भावाकडे ठेवायला पाठवले. हे सगळं लिहून कुठे ठेवायचं, यावर आपल्याकडे फारसं बोललं जात नाही. आज त्यावरच लिहायचं आहे. त्यासाठी आमच्या घरात आलेल्या यंत्रांची गोष्ट सांगावी लागेल.

यंत्रांच्या आधी वही होती. अब्बांची वही रेक्झिनच्या कव्हरची होती. पुढच्या पानांवर पत्ते: कुवेतचा पोस्ट बॉक्स, मुंबईतली गावकऱ्यांची खोली, महाडमधल्या एका दुकानाचा पीपी नंबर. मागच्या पानांवर देणं-घेणं. नावं देवनागरीत, रकमा कधी रुपयांत, कधी दिनारांत. ती वही अम्मीला वाचता यायची, दादीला कोणीही वाचून दाखवू शकायचं. तेव्हा त्यात विशेष काही वाटत नव्हतं.

१९९६ मध्ये चाचा कुवेतहून सुट्टीवर आले, तेव्हा त्यांनी माझ्यासाठी कॅसिओची डिजिटल डायरी आणली. मी महाडला अकरावीत होतो. पाकिटासारखी उघडणारी ती वस्तू वर्गात हातोहात फिरली. फोन नंबर, मेमो, वेळापत्रक, गणकयंत्र आणि जगातल्या शहरांची घड्याळं, एवढं सगळं तिच्यात होतं. घरात सर्वांत जास्त उपयोग झाला तो घड्याळांचा. एसटीडी बूथवर जाण्याआधी अम्मी विचारायची, "तिकडे आता किती वाजले रे?" कुवेत अडीच तास मागे, दुबई दीड तास. चाचा ड्युटीवरून खोलीवर आले असतील की नाही, हे त्यावरून ठरायचं.

त्या डायरीत देवनागरी नव्हती. राजेवाडीचे मामू आणि पोलादपूरचे मामू रोमन लिपीत कसे लिहायचे, हे मीच ठरवलं, त्यामुळे ते शोधूही मीच शकत होतो. सगळ्या घराची वही पहिल्यांदाच एका माणसाच्या खिशात गेली.

२००१ मध्ये चुलत भावाने रियाधहून त्याचा वापरलेला पाम दिला. दोन बारीक पेन्सिल सेल, काचेवर लिहायला काडी आणि लिहिण्याची स्वतःची वेगळी अक्षरं. इंग्रजी 'ए' लिहायचा तर मधली आडवी रेघ द्यायचीच नाही. कॅसिओतली नावं पाममध्ये नेण्यासाठी माझ्याकडे केबलही नव्हती आणि संगणकही नव्हता. रमजानच्या दोन रात्री बसून एकेक नाव हाताने भरलं. पामची खरी ताकद अशी, की संगणकाला जोडून एक बटण दाबलं की सगळ्याची नक्कल तिकडे तयार व्हायची. पण ज्याच्या घरी संगणक नाही, त्याचे सेल पूर्ण उतरले की आतलं सगळं पुसलं जायचं. पुढे नोकियाचा फोन आला आणि पाम कपाटात गेला. त्या काळच्या सिमकार्डात साधारण अडीचशे नावं मावत. फक्त नाव आणि नंबर, बाकी काही नाही.

आता हा प्रवास पुन्हा पाहा. वहीतून कॅसिओत, कॅसिओतून पाममध्ये, पाममधून सिममध्ये. दर वेळी पुढची पानं पुढे गेली आणि मागची पानं मागेच राहिली. फोन नंबर स्मार्टफोनपर्यंत पोहोचले, पण देण्या-घेण्याचं पान कुठल्याच यंत्रात पूर्ण उतरलं नाही. कोणी उतरवलंच, तर मेमोच्या दोन ओळींत किंवा 'सीक्रेट'च्या कप्प्यात.

याचं कारण त्या यंत्रांच्या जन्मात आहे. इलेक्ट्रॉनिक डायरीच्या कल्पनेसाठी सॅम पित्रोदांनी १९७५ मध्ये अमेरिकेत पेटंटचा अर्ज केला आणि १९७६ मध्ये ते त्यांना मिळालं. १९८३ मध्ये कॅसिओची पहिली डिजिटल डायरी आली, १९८४ मध्ये इंग्लंडमधून सायनचं ऑर्गनायझर आणि १९९६ मध्ये पाम पायलट. ही सगळी यंत्रं भेटीगाठी ठरवणाऱ्या, व्हिजिटिंग कार्डं जमवणाऱ्या ऑफिसच्या माणसासाठी होती. त्याचा हिशेब कंपनीचा मुनीम ठेवतो आणि त्याचं कर्ज बँकेच्या कागदावर असतं. आपल्या माणसाचं कर्ज तोंडी असतं. त्याची बँक म्हणजे शेजारच्या खाटेवर झोपणारा गाववाला. त्या माणसाला कोणी डोळ्यांसमोर ठेवलं नव्हतं.

'सीक्रेट'चा कप्पा ही या डायऱ्यांची मोठी कौतुकाची गोष्ट होती. पासवर्ड टाकला की काही पानं दिसेनाशी व्हायची. एका खोलीत दहा-बारा जण राहत असताना या कप्प्याची गरज समजण्यासारखी आहे. पण पासवर्ड विसरला तर एकच उपाय असायचा, डायरी रीसेट करायची, म्हणजे आतलं सगळं पुसून टाकायचं. शिवाय या डायऱ्यांत मेमरी जपणारा एक वेगळा बटणाचा सेल असायचा. मुख्य सेल आणि तो सेल एकाच वेळी काढले, किंवा दोन्ही उतरेपर्यंत कोणी लक्षच दिलं नाही, तरी आतलं सगळं जायचं.

आमच्या ओळखीतल्या एका घरातला कर्ता माणूस तिकडेच वारला. त्याच्या बॅगेतून डायरी घरी आली. बायकोला ती उघडता येत होती, सीक्रेटचा कप्पा येत नव्हता. मुलाने लग्नाची तारीख, पासपोर्टचे आकडे, सगळं टाकून पाहिलं. मुंबईच्या दुरुस्तीवाल्याने सांगितलं, रीसेट केली तर चालू होईल, पण आत काही उरणार नाही. त्यांनी ती तशीच जपून ठेवली. काही महिन्यांनी पडदा कोरा झाला.

त्या घरी "मरहूम माझे इतके देणं लागत होते" असं सांगायला लोक आले. घरच्यांनी जमेल तसं सगळ्यांचं फेडलं. "मी त्यांचं देणं लागतो" असं सांगायला मात्र एकच माणूस आला. बाकीचे बेइमान होते असं मी म्हणणार नाही. कदाचित देणारे तेवढेच असतील. पण त्या बाईला हे आता कधीच कळणार नाही. तिच्या मनात गावातल्या चार घरांबद्दल कायमचा संशय बसला. पैशांपेक्षा मला हे नुकसान मोठं वाटतं.

आपल्याकडे जनाज्याच्या नमाजाआधी विचारलं जातं, मय्यतीकडे कोणाचं देणं असेल तर वारसांशी बोला. शरियतमध्ये वारसांच्या वाटण्या कर्ज फिटल्यावर होतात, आणि न दिलेला मेहरसुद्धा नवऱ्यावरचं कर्जच असतं. इतर वाचकांसाठी सांगतो, कुराणातली सर्वांत लांब आयत नमाज-रोज्यांवर नाही, उसनवारी लिहून ठेवण्यावर आहे. सूरह बकराची २८२वी आयत. मुदतीचं कर्ज लिहून घ्या, ज्याच्यावर देणं आहे त्याने मजकूर सांगावा, साक्षीदार ठेवा, रक्कम लहान असो की मोठी, लिहायचा कंटाळा करू नका, असा तिचा आशय आहे. यात साक्षीदारांना मी फार महत्त्व देतो. साक्षीदार आहे, याचा अर्थ तो हिशेब एका माणसाच्या खिशातला राहिलेला नाही. ज्या नोंदीचा पासवर्ड फक्त मेलेल्या माणसाला माहीत होता, ती नोंद या कसोटीवर नोंदच ठरत नाही.

आजचा स्मार्टफोन हीच अडचण मोठी करून पुढे नेतो. हिशेब व्हॉट्सअ‍ॅपच्या मेसेजमध्ये, पैसे पाठवल्याचे स्क्रीनशॉट गॅलरीत, आणि सगळ्यावर मालकाच्या अंगठ्याचं कुलूप.

काही जण म्हणतील, घरच्यांना सगळं का कळावं? कोणाला मदत केली हे झाकून ठेवण्यातही सवाब आहे. बरोबर आहे. पण जे दिलं ते सदका होतं की उसनं, एवढं तरी कुठेतरी लिहिलेलं असावं. सदका झाकून ठेवा, कर्ज झाकू नका.

दुसरे म्हणतील, मग पुन्हा वहीच वापरू. पण आपण सावित्रीच्या काठावर राहतो. २२ जुलै २०२१ च्या पुरात महाडच्या बाजारपेठेतल्या वह्या, रेशनकार्डं, खरेदीखतं यांचा लगदा झाला. त्याच दिवसांत तळिये आणि पोलादपूर तालुक्यातल्या केवनाळे, सुतारवाडीवर दरड आली, तिथे तर घरंच उरली नाहीत. वीज आणि मोबाइलचं नेटवर्क दोन्ही बंद होतं. वही घरात एकच असेल तर तिची गत त्या सीक्रेटच्या कप्प्यासारखीच. म्हणून एक कागद घरी हवा, आणि त्याचा फोटो मुंबईत किंवा दुबईत असलेल्या विश्वासातल्या दोन माणसांकडे हवा.

फोनमध्येही सोय आहे. गुगलने २०१३ पासून 'इनॅक्टिव्ह अकाउंट मॅनेजर' दिलं आहे. आपण ठरवलेल्या काळात खातं वापरलं गेलं नाही, तर त्यातली आपण निवडलेली माहिती आपण नेमलेल्या माणसाला मिळते. हा काळ कमीत कमी ३ महिन्यांचा असतो. अ‍ॅपलने २०२१ मध्ये 'लेगसी कॉन्टॅक्ट' आणलं, त्यासाठी मृत्यूचा दाखला लागतो. दोन्ही सोयी जरूर करून ठेवा. पण जनाज्याच्या दिवशी उभा राहणारा प्रश्न ३ महिने थांबत नाही. त्या दिवशी कपाटातला कागदच उपयोगी पडेल.

असा कागद करायला वेगळा मुहूर्त शोधायची गरज नाही. आपल्यातले बरेच जण रमजानमध्ये जकातीचा हिशेब करतात. किती सोनं, किती रोकड, लोकांकडून किती येणं, आपण किती देणं, हे सगळं त्या वेळी एका पानावर मांडलेलं असतंच. जकात काढून झाली की ते पान आपण फाडून टाकतो. या वर्षी ते फाडू नका. बायकोला किंवा आईला वाचता येईल अशा लिपीत ते स्वच्छ लिहा, येणं-देणं कोणाकोणाचं ते नावानिशी लिहा, तारीख घाला, दोघांच्या सह्या घ्या आणि ते कुठे ठेवलंय हे घरात सांगून ठेवा.