न वाचणाऱ्यांनी माईक सोडावा

रेडिओवर बोलणारा माणूस पुस्तकं वाचत नसेल, तर तो ऐकणाऱ्यांना फसवतो. मी पाचोऱ्याची. निवेदन हा माझा धंदा आहे आणि हे मी माझ्याच धंद्यातल्या लोकांना उद्देशून लिहिते आहे.

दरवर्षी २७ फेब्रुवारी, मराठी भाषा गौरव दिन, आला की खानदेशातल्या प्रत्येक माईकवर तीच तीन नावं चढतात. बहिणाबाई, बालकवी, साने गुरुजी. बरं, तीन तर तीन, ती तरी वाचलेली असावीत? बहिणाबाईंची भाषा अहिराणी होती असं छातीठोकपणे सांगणारे निवेदक मी ऐकले आहेत. असोद्यात जन्मलेल्या, जळगावच्या चौधरींच्या घरी दिलेल्या त्या बाईंची बोली लेवा गणबोली. धुळ्याकडची अहिराणी एकदा कानावर पडली असती आणि बहिणाबाईंच्या संग्रहाची चार पानं डोळ्यांखालून गेली असती, तर ही चूक झालीच नसती. बालकवींबद्दल एक फुलराणी आणि १९१८ साली भादली स्टेशनजवळ आलेला मृत्यू, एवढ्यावर कार्यक्रम आटोपतो. साने गुरुजी म्हणजे फक्त आईसाठी रडणारा श्याम. पंढरपूरचं विठ्ठल मंदिर अस्पृश्यांना खुलं व्हावं म्हणून १९४७ साली प्राण पणाला लावून उपोषण करणारा माणूस यांच्या निवेदनात येतच नाही, कारण तो यांना माहीतच नाही.

पण माझा खरा राग वेगळ्या गोष्टीवर आहे: नवं पुस्तक आम्ही हातातच घेत नाही. बहिणाबाई गेल्या ३ डिसेंबर १९५१ रोजी. त्यांचं पुस्तक निघालं १९५२ साली. सोपानदेवांनी आईच्या ओव्यांची वही अत्र्यांना दाखवली, अत्र्यांनी ती वाचली, प्रस्तावना लिहिली आणि महाराष्ट्राला ओरडून सांगितलं की हे वाचा. त्या दिवशी बहिणाबाई ही नवी कवयित्री होती. अत्र्यांनी तेव्हा आमच्यासारखंच 'जुनं तेच सोनं' म्हणून हात झटकले असते, तर आज बहिणाबाईंचं नाव घ्यायला आम्ही कोणाकडे गेलो असतो? मेलेल्या लेखकांच्या जयंत्या साजऱ्या करणं सोपं असतं. त्यात काही ठरवावं लागत नाही, चूक होण्याची भीती नसते. नवं पुस्तक वाचून 'हे चांगलं आहे' म्हणायला स्वतःची अक्कल गहाण न ठेवता वापरावी लागते.

मराठी रेडिओ वाचणाऱ्यांनी आणि लिहिणाऱ्यांनी उभा केला. पु. ल. देशपांडे, मंगेश पाडगावकर, बा. भ. बोरकर, शंकर पाटील यांनी आकाशवाणीत नोकऱ्या केल्या. व्यंकटेश माडगूळकरांनी पुण्याच्या ग्रामीण विभागात वर्षानुवर्षं काम केलं. 'गीतरामायण' १९५५ साली पुणे केंद्रावरूनच घराघरांत गेलं. त्या खुर्च्यांवर आज आम्ही बसतो आणि दोन गाण्यांच्या मधे मोबाइलवर आलेला सुविचार वाचून दाखवतो.

आमच्या पाचोऱ्यापुरतंच बोलते. पाचोरा-जामनेर ही छोटी गाडी, आमची पीजे, २०२० च्या टाळेबंदीत थांबली. त्या मार्गावर पहूर लागतं. अनुराधा पाटील त्या पहूरच्या. त्यांच्या 'कदाचित अजूनही' या कवितासंग्रहाला २०१९ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. आवाज न चढवता बाईच्या जगण्यातली सगळी कोंडी समोर मांडणारी ही कविता आहे. ती या भागातल्या प्रत्येक बाईच्या कानावर पडायला हवी होती. तिच्यासाठी तासभराचा एक कार्यक्रम? मी तरी ऐकलेला नाही.

मग वाचा काय? देविदास सौदागर यांची 'उसवण' वाचा. तुळजापूरच्या या लेखकाने स्वतः शिवणकाम केलं आहे. तयार कपड्यांनी शिंप्याचं मशीन कसं बंद पाडलं, ते ही छोटी कादंबरी सांगते. तिला साहित्य अकादमीचा २०२४ चा युवा पुरस्कार मिळाला. तो मिळाला नसता तरी मी हेच सांगितलं असतं. कृष्णात खोत यांची 'रिंगाण' वाचा. धरणाने उठवलेला माणूस मागे राहिलेल्या म्हशीसाठी पुन्हा त्या डोंगरात जातो. माणूस आणि जनावर यांच्यातली ती झटापट वाचताना श्वास अडकतो. गिरणेच्या पाण्यावर पिकं काढणाऱ्या आपल्या मुलखाने तर धरणाची ही बाजू वाचलीच पाहिजे. नंदा खरे यांची 'उद्या' अवघड आहे, मान्य, पण पाळतीखाली जगणाऱ्या समाजाचं इतकं निर्दय चित्र मराठीत दुसरं मला सापडलेलं नाही. अकादमीचा पुरस्कारही या माणसाने नम्रपणे नाकारला. किरण गुरव यांच्या 'बाळूच्या अवस्थांतराची डायरी'तला, खेड्यातून शहरात शिकायला गेलेला मुलगा पाचोऱ्याच्या बसस्थानकावर रोज सकाळी उभा असतो. त्याला त्याचीच गोष्ट कोणी वाचून दाखवलेली नाही.

'श्रोत्यांना पुस्तकं नको असतात' हे वाक्य मी मीटिंगांमध्ये ऐकत आले आहे. ते खोटं आहे. 'उसवण'बद्दल बोलल्यावर वरखेडीकडच्या एका माणसाचा फोन आला, "ताई, हे पुस्तक कुठे भेटीन?" मला उत्तर देता आलं नाही. गावातल्या दुकानांत गाईड, अपेक्षित प्रश्नसंच आणि स्पर्धा परीक्षेचे ठोकळे मिळतात, कादंबरी मिळत नाही. पुण्या-मुंबईच्या प्रकाशकांना पाचोरा नकाशावर दिसत नाही. सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा १९६७ पासून आहे, अनुदान आहे, पण त्यातून येणारे गठ्ठे कोण निवडतं आणि काय बघून निवडतं, याचा जाब कोणी विचारत नाही.

आम्हा निवेदकांचं मानधन तुटपुंजं आहे आणि ते वेळेवर मिळत नाही, हे खरं आहे. त्यासाठी भांडू, मी पुढे असेन. पण न वाचण्याचं ते कारण होऊ शकत नाही. २०२३ मध्ये पुणे आकाशवाणीचा वृत्तविभाग बंद करायचा निर्णय झाला तेव्हा सगळीकडून ओरड झाली आणि तो थांबवावा लागला. लोकांना ते बातमीपत्र हवं होतं. उद्या आमचे साहित्याचे कार्यक्रम बंद केले तर कोण ओरडणार आहे? ज्यात काहीच नाही, त्याच्यासाठी कोणी का भांडावं?

'कदाचित अजूनही' जिल्ह्यातल्या कोणत्या ग्रंथालयात आहे आणि कोणत्या नाही, हे मी एकेका ग्रंथपालाला फोन करून विचारते आहे. यादी पूर्ण झाली की ती गावांच्या नावांसकट माईकवरून वाचणार आहे.