सावकाश होऊं द्या!

वार्षिक परीक्षा आटोपून निकाल हातीं आला, कीं आमच्या विद्यार्थ्यांच्या घरीं प्रवासाची गडबड सुरू होते. कोणी महाबळेश्वरास जातात, कोणी माथेरानास, कोणी मालवणच्या समुद्रकांठीं, तर कोणी गोव्यास. शाळा पुन्हां उघडल्यावर सुटींतील प्रवासावरचे निबंध आम्ही दरवर्षीं तपासतों. त्यांत किल्ल्यांचें व सूर्यास्ताचें वर्णन असतेंच. परंतु अलीकडे आणखी एक मजकूर वारंवार आढळतो. तो असा कीं, हॉटेलांत जेवण यावयास फार वेळ लागला आणि बाबांनीं वाढप्यास चांगलेंच सुनावलें. हें मुलें अभिमानानें लिहितात. त्या अभिमानाविषयीं विद्यार्थ्यांशीं व त्यांच्या पालकांशीं चार शब्द बोलावे, असें आमच्या मनांत आहे.

तक्रार अगदींच खोटी असते असें नाहीं. भुकेनें कळवळलेलें लहान मूल मांडीवर असतां पाऊण तास रिकाम्या मेजाकडे पाहत बसणें कोणासही कठीणच. परंतु थोडें खोलांत शिरून पाहिलें, तर भांडणाचें मूळ पुष्कळदां भुकेपेक्षां अपेक्षेंतच अधिक सांपडतें. शेजारशेजारच्या दोन मेजांवर बसलेल्या दोन कुटुंबांच्या अपेक्षा परस्परविरुद्ध असतात. एकास तीन वाजतां सिंधुदुर्ग किल्ल्याची होडी गांठावयाची असते. ताट यावें, जेवावें आणि उठावें, एवढेंच त्यास हवें. दुसरें कुटुंब वर्षभर डबा आणि लोकलगाडी यांच्या कचाट्यांतून सुटून आलेलें. त्यास सोलकढीचा घोट घेत, गप्पा मारीत दोन तास बसावयाचें असतें. पहिल्यास विलंब हा अपमान वाटतो, दुसऱ्यास घाई हा अपमान वाटतो. आणि दोघांचींही मनें ओळखण्याचें काम एका पोरसवदा वाढप्यावर येऊन पडतें.

जेवणाचा योग्य वेग कोणता, ह्याविषयीं जगाचें एकमत कधींच नव्हतें. फ्रान्स देशांत गिऱ्हाइकानें मागितल्यावांचून बिल आणणें असभ्यपणाचें समजतात. अमेरिकेंत जेवण संपतां संपतां बिल मेजावर ठेवणें ही तत्परता मानली जाते. त्याच अमेरिकेंत फ्रेड हार्वी ह्या गृहस्थानें १८७६ पासून रेल्वेच्या मार्गावर भोजनगृहें काढून, गाडी थांबे तेवढ्या थोड्या अवधींत उतारूंस नीटनेटकें जेवण देण्याची व्यवस्था केली. पुढें १९४८ सालीं कॅलिफोर्नियांतील मॅक्डोनल्ड बंधूंनीं वाढपी काढून टाकून, मोजकेच पदार्थ कारखान्याच्या रीतीनें झटपट तयार करण्याची पद्धत पाडली. उलटपक्षीं १९८६ सालीं त्याच नांवाचें दुकान रोम शहरांत निघालें, तेव्हां कार्लो पेत्रिनी प्रभृति इटालियन लोकांनीं निषेध केला, व त्यांतून 'स्लो फूड' ही चळवळ जन्मास आली. २०१० सालीं तर युनेस्को संस्थेनें फ्रेंच लोकांच्या क्रमाक्रमानें, सावकाश चालणाऱ्या मेजवानीस मानवजातीच्या सांस्कृतिक वारशांत स्थान दिलें.

आपल्याकडेही ह्या दोन्ही रीती आहेत. पंगतींत मीठ-लिंबापासून वरणभातापर्यंत सर्वांच्या पानांत वाढून झाल्यावांचून कोणी घास उचलीत नाहीं, शेजारच्याचें आटोपल्यावांचून कोणी उठत नाहीं, आणि यजमान 'सावकाश होऊं द्या' असें म्हणत पानांवरून फिरत असतो. दुसऱ्या पंगतीचीं माणसें तोंवर ओसरीवर बसून राहतात. जेवणाऱ्यांच्या डोक्यावर येऊन उभीं राहत नाहींत. दुसऱ्या बाजूस मुंबईंतील उडुपी हॉटेल पाहा. तेथें राइसप्लेट सांगतांच पुढें येते, आणि कचेरींतला मनुष्य जेवून, हात धुऊन लगेच जागा मोकळी करतो. कारण तेथें भात, सांबार, भाजी हीं आधींच शिजवून ठेवलेलीं असतात, व हें येणारा आणि वाढणारा दोघेही जाणतात. पंगतीचा सावकाशपणा व उडुप्याची चपळाई हीं दोन्ही आपापल्या जागीं शोभतात. घोटाळा होतो तो एकाच्या दारांत जाऊन दुसऱ्याची अपेक्षा केल्यानें.

मालवणकडील घरगुती खानावळींत मासा तव्यावर पडतो तो आपण सांगितल्यानंतर, आणि भाकरी थापली जाते तीही नंतरच. ह्याचा हिशेब आमच्या विद्यार्थ्यांस सहज करतां येईल. समजा, २० मेजांवर पांच-पांच माणसें एकाच वेळीं येऊन बसलीं व प्रत्येकानें दोन भाकरी सांगितल्या, तर २०० भाकरी झाल्या. चुलीवर दोन तवे असून प्रत्येक तव्यावर दोन मिनिटांत एक भाकरी होत असेल, तर मिनिटास एक भाकरी उतरेल. अर्थात् शेवटच्या गिऱ्हाइकाच्या पानांत शेवटची भाकरी पडावयास २०० मिनिटें, म्हणजे ३ तास २० मिनिटें लागतील. वाढप्यावर ओरडल्यानें तवा रुंद होत नाहीं. तींच १०० माणसें बारापासून सवातीनपर्यंत थोडथोडीं आलीं, तर त्याच दोन तव्यांवर कोणासही फारसें थांबावें लागणार नाहीं. मग मालक आणखी तवे व माणसें कां ठेवीत नाहीं? तर मे महिना, दिवाळी व नाताळ सोडल्यास त्याच्या मेजांवर गर्दी नसते. पावसाळ्यांत रिकामें बसणाऱ्या माणसांस तो पगार कोठून देणार?

माथेरानची गोष्ट आणखी निराळी. १८५० सालीं ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट ह्या डोंगरावर चढले व तेथें हवा खाण्याचें ठिकाण वसलें. १९०७ सालीं नेरळहून छोटी आगगाडी वर जाऊं लागली. परंतु पाहुण्यांच्या मोटारींस गांवांत आजही मज्जाव आहे. भाजीपाल्यापासून गॅसच्या सिलिंडरपर्यंत किती तरी जिन्नस घोड्याच्या पाठीवरून अथवा हातगाडीनें लाल मातीच्या वाटेनें न्यावे लागतात. ज्या शांततेसाठीं आपण तेथें जातों, तीच आपल्या ताटास उशीर करते. दोन्ही गोष्टी एकदम मागणें हा न्याय नव्हे.

ह्यावरून हॉटेलवाल्यांचा कांहींच दोष नसतो, असें मात्र कोणी समजूं नये. चुलीच्या आवांक्याबाहेर माणसें बसवून घेणें, पाऊण तास लागेल हें ठाऊक असतां 'पांच मिनिटांत आणतों' म्हणणें, जेवणाऱ्याच्या कोंपराखालून मेज पुसणें, ताक पिऊन होण्यापूर्वींच बिल पुढें करणें, आणि रांगेंतील लोकांस खुर्चीमागें उभें राहूं देणें, हे प्रकार आम्हीं पाहिले आहेत व ते निंद्यच आहेत. पाहुणा आल्याबरोबर 'अर्धा तास लागेल, चालेल का?' असें जो मालक विचारतो, तो खरी सेवा करतो. ज्यास घाई असेल तो दुसरीकडे जाईल. जो बसेल तो समजून-उमजून बसेल.

परंतु सर्वांत मोठा अन्याय होतो तो वाढप्यावर. त्यानें स्वयंपाक केलेला नसतो, गर्दीही बोलावलेली नसते; तरी आंतून आचाऱ्याचा व बाहेरून गिऱ्हाइकाचा राग तोच झेलतो. सर्वांचीं जेवणें आटोपल्यावर, उन्हें कलतांना, त्यास दोन घास मिळतात. १४ वर्षांखालील मुलांस हॉटेलांत कामास ठेवण्यास १० ऑक्टोबर २००६ पासून कायद्यानें बंदी आहे. परंतु त्यांतील कित्येक सोळा-सतरा वर्षांचे, म्हणजे आमच्या वरच्या वर्गांतील मुलांएवढेच असतात. अशा मुलास आपले वडील 'ए' म्हणून हांक मारतात, चारचौघांत हलक्या शब्दांनीं बोलतात, हें जवळ बसलेलें मूल पाहत असतें. वर्षभर वर्गांत आम्ही सौजन्याचे धडे देतों. पण एका दुपारीं मेजावर मिळालेला धडा त्या सर्वांपेक्षां पक्का बसतो. पैसे देणारानें न देणाराशीं कसेंही बोलावें, हें मूल त्या दिवशीं शिकतें, आणि तें शिकल्याचेंच भूषण मग निबंधांत उतरतें. पालकहो, ह्याचा विचार आपणांवांचून दुसरें कोण करणार?

तक्रार करूं नये असें आमचें म्हणणें नाहीं. ती मालकाकडे, हळू आवाजांत, नेमक्या शब्दांत करावी. मोबाईलवर एक तारा देऊन एखाद्या कुटुंबाचा पुढचा हंगाम बुडविण्यापूर्वीं आपण किती वाजतां गेलों व काय मागितलें, हेंही आठवावें. शक्य तेथें सकाळींच फोन करून जेवण सांगून ठेवावें. गर्दीच्या घटकेआधीं जावें. बसतांच 'तयार काय आहे?' असें विचारावें, व लहान मुलांसाठीं वरणभात आधीं मागावा. जेवतांना कोणी ताटकळत असेल, तर आपलें आटोपल्यावर गप्पांसाठीं बाहेरचा कट्टा धरावा. कोणी नसेल, तर खुशाल बसावें. आणि आमच्या विद्यार्थ्यांनीं भाजीची वाटी पुढें ठेवणारास 'दादा, थँक्यू' एवढें म्हणण्यास विसरूं नये.

पंगतींत 'सावकाश होऊं द्या' असें यजमान पाहुण्यास म्हणतो. सुटीच्या गर्दींत, घामानें निथळत दहा मेजांमधून धांवणाऱ्या मुलास पाहुण्यानेंच तें म्हटलें, तर ताट लवकर येईल असें नाहीं. परंतु आलेलें अन्न सर्वांस गोड लागेल.