निरंक अहवाल आणि बालकाची साक्ष
बालकावर लैंगिक अत्याचार झाल्याच्या शंकेने हादरलेले आईबाप त्याला घेऊन सरकारी रुग्णालयाची पायरी चढतात, तेव्हा फौजदारापासून आप्तांपर्यंत सर्वांचे लक्ष ज्या एका कागदाकडे लागलेले असते, त्या वैद्यकीय अहवालात बहुतेक प्रसंगी ‘शरीरावर जखम नाही’ एवढाच शेरा असतो. आणि त्या शेऱ्याचा अर्थ ‘काही घडलेच नाही’ असा लावण्याची जी रूढी ठाण्यापासून कोर्टकचेरीपर्यंत मुरली आहे, ती शास्त्राला सोडून आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

पुष्कळ अत्याचार शरीरावर खूण ठेवीतच नाहीत. ज्या इजा होतात त्या कोवळ्या देहात थोडक्या दिवसांत, अनेकदा व्रणही न राहता, भरून येतात. आणि भयाने वा धमकीने मिटलेले बालकाचे तोंड उघडते ते कित्येकदा महिने लोटल्यावर. म्हणूनच केंद्रीय आरोग्य मंत्रालयाच्या २०१४ च्या मार्गदर्शक सूचनांनी, जखम का आढळली नसावी याची कारणे डॉक्टरांनी अहवालात नमूद करावीत, असे सांगितले. हे कलम आमच्या दृष्टीने सर्वांत मोलाचे. कारण विलंब, स्नान, कपडे बदलणे यांची नोंद नसलेला कोरा शेरा आरोपीच्या वकिलाला आयते शस्त्र ठरतो.

बालकांना लैंगिक अपराधांपासून संरक्षण देणाऱ्या ‘पोक्सो’ कायद्याच्या २७ व्या कलमान्वये फिर्याद दाखल होण्यापूर्वीही तपासणी करता येते, मुलीची तपासणी स्त्री-डॉक्टरनेच करावयाची असते, आणि बालकाच्या विश्वासातले माणूस तेथे हजर लागते. खाजगी रुग्णालयांनाही मोफत उपचार नाकारण्याची मुभा नाही. असे असता ‘आधी पोलिसांचे पत्र आणा’ म्हणून बालकाला दारातून परत धाडणे हा निव्वळ अपराध होय. योनिमार्गात बोटे घालून पाहण्याची अशास्त्रीय ‘दोन बोटांची चाचणी’ करणारा डॉक्टर गैरवर्तनाचा दोषी ठरेल, असे सर्वोच्च न्यायालयाला २०२२ साली बजावावे लागले, ही लाजिरवाणी गोष्ट आहे.

तपासणी हा प्रथम उपचार आहे, पुरावा त्यानंतर. गर्भधारणेची व संसर्गाची भीती निवारणे, दुखणे शमविणे, आणि आपले शरीर कायमचे बिघडले या धास्तीत असलेल्या मुलाला ‘तू बरा आहेस’ असे अधिकारवाणीने सांगणे, हे काम डॉक्टरवाचून दुसरा कोण करील? शासनाने प्रत्येक ग्रामीण रुग्णालयातील वैद्यकीय अधिकाऱ्यास याचे शिक्षण द्यावे, निरंक अहवालाला कारणांचे टिपण सक्तीने जोडावयास लावावे, आणि ते टिपण न्यायाधीशांसमोर उलगडून सांगण्यासाठी डॉक्टरला साक्षीस बोलावण्याची ताकीद सरकारी वकिलांना द्यावी.