मजकूर सामाईक, दुवे ज्याचे त्याचे

दुवे तपासणाऱ्या साधनाने ‘एकही तुटलेला दुवा नाही’ असा अहवाल दिला की पुस्तक प्रकाशनाला मोकळे, असा रिवाज आपल्या व्यवसायात पडून गेला आहे. दुव्याच्या दुसऱ्या टोकाला काहीतरी आहे, एवढेच त्या साधनाला कळते. जे आहे ते योग्य आहे की नाही, हे कळणे त्याचे कामच नाही. ज्या टीम एकच मजकूर दहा पुस्तकांत वापरतात, त्यांना नेमका हाच फरक महागात पडतो.

समजा, एक कंपनी कन्व्हेअर आणि हायड्रॉलिक प्रेस अशी दोन यंत्रे बनवते. ‘काम सुरू करण्यापूर्वी यंत्र ऊर्जास्रोतांपासून वेगळे करा’ ही सूचना दोन्हींच्या देखभाल पुस्तकांत लागते. लेखकाने ती आधी कन्व्हेअरसाठी लिहिली आणि तिच्या शेवटी ‘विलगीकरणाची पद्धत पाहा’ असा दुवा दिला. दुवा ज्या टॉपिकवर जातो, त्यात मुख्य स्विच बंद करून कुलूप आणि टॅग लावायला सांगितले आहे. सहा महिन्यांनी प्रेसचे पुस्तक हातात आले. सूचना तीच, म्हणून ती संदर्भाने ओढून घेतली. तिच्याबरोबर दुवा आला, आणि दुवा तुटू नये म्हणून वीज बंद करण्याचा तो टॉपिकही पुस्तकात घेतला गेला. पण प्रेसमध्ये ॲक्युम्युलेटर असतो. वीज बंद केली तरी त्यात साठलेला तेलाचा दाब जात नाही. तो वेगळा सोडावा लागतो. अहवाल हिरवा आहे, प्रत्येक दुवा उघडतो आहे, आणि फिटर सांगितलेले सगळे करून दाबाखालचा पाइप सोडायला बसला आहे.

इथे लेखकाने वाक्य चुकीचे लिहिले नव्हते. सॉफ्टवेअरनेही सांगितले तेच केले. मजकूर खरोखरच दोन्ही यंत्रांचा होता, पण दुवा फक्त कन्व्हेअरचा होता, आणि दोघांना एका फाइलमध्ये बांधून टाकले होते. आमचे म्हणणे एवढेच आहे, की सामाईक मजकुराला आपले शेजारी माहीत असता कामा नयेत. कशाच्या शेजारी काय, हे प्रत्येक पुस्तकाने स्वतः ठरवावे.

मजकूर एकाच जागी ठेवून अनेक ठिकाणी दाखवण्याची कल्पना जुनी आहे. ‘हायपरटेक्स्ट’ हा शब्द १९६५ साली रूढ करणाऱ्या टेड नेल्सन यांनी पुढे अशा मजकुराचे स्वप्न मांडले, जो कुठेही दिसला तरी मूळ जागेशी जोडलेला राहील. वेबवरचे दुवे एकतर्फी असतात आणि ज्याच्याकडे बोट दाखवले त्याला त्याचा पत्ताच नसतो, ही त्यांची तक्रार आजही खरी आहे. आपल्या साधनांत हे स्वप्न तुकड्यातुकड्यांनी उतरले. १९८६च्या एसजीएमएल मानकात एन्टिटी होत्या. फ्रेममेकरने संदर्भाने आयात होणारे टेक्स्ट इन्सेट दिले. मग आयबीएमने २००१ मध्ये डिटा जाहीर केले, २००५ मध्ये ते ओएसिसचे मानक झाले, आणि कॉनरेफ हा शब्द पुण्या-बंगळूरच्या डॉक्युमेंटेशन टीमच्या रोजच्या बोलण्यात आला.

कॉनरेफला फाइलचा पत्ता लागतो आणि त्या फाइलमधल्या घटकाचा आयडी लागतो. फोल्डर हलला किंवा फाइलचे नाव बदलले की त्या फाइलवर विसंबलेले सगळे कॉनरेफ आपटतात. हा त्रास दिसणारा आहे, म्हणून तो सोसण्यासारखा आहे. विमान आणि संरक्षण क्षेत्रातल्या एस१०००डी मानकात संदर्भ फाइलच्या नावाने देतच नाहीत. प्रत्येक डेटा मॉड्यूलला स्वतःचा कोड असतो आणि दुवा त्या कोडकडे जातो. डिटाला असा आडपडदा २०१०च्या १.२ आवृत्तीत मिळाला. ती सोय म्हणजे कीरेफ आणि कॉनकीरेफ. ती येऊन इतकी वर्षे झाली, तरी आमच्या पाहण्यातल्या कित्येक टीम अजून थेट पत्तेच लिहितात.

या सोयीत टॉपिकमध्ये पत्ता लिहायचाच नाही. ‘आयसोलेशन’ असे एखादे नाव तेवढे लिहायचे, आणि ते नाव कोणत्या टॉपिकला लागू आहे हे मॅपने सांगायचे. कन्व्हेअरच्या मॅपमध्ये ते नाव वीज बंद करण्याच्या टॉपिकला बांधा, प्रेसच्या मॅपमध्ये दाब सोडण्यासह असलेल्या टॉपिकला. सूचनेचे एक अक्षरही बदलत नाही. एखाद्या पुस्तकात असा टॉपिकच नसेल, तर मॅपमध्ये त्या नावाला पत्ता न देता नुसते शब्द द्यावेत. मग दुव्याच्या जागी साधा मजकूर येतो आणि वाचक बंद दारावर डोके आपटत नाही. आमच्या मते डिटामधली ही सर्वांत उपयोगी सोय आहे, आणि प्रशिक्षणात ती बहुधा शेवटच्या दिवशी, जेवणानंतर उरकली जाते.

तिच्यात खाचखळगे आहेत. एकच नाव दोन मॅपमध्ये बांधले असेल तर वरच्या मॅपची व्याख्या जिंकते, आणि एकाच मॅपमध्ये दोनदा असेल तर आधीची. नव्या माणसाने दुसऱ्या टीमचा मॅप आत जोडला की त्याचे दुवे भलतीकडे जाऊ लागतात, आणि का, ते त्याला उमगत नाही. २०१५च्या १.३ आवृत्तीत नावांना हद्द घालून देण्याची सोय आली, ती अशाच वेळी वापरायची. दुसरे असे की नाव मॅपमध्ये सापडलेच नाही, तरी डिटा ओपन टूलकिट सहसा लॉगमध्ये एक ओळ टाकून पुढे जाते. बिल्ड पूर्ण होतो आणि वाक्यात भोक राहते. लॉगमध्ये अशी ओळ दिसली की बिल्ड अयशस्वी ठरवायचा, एवढी जोडणी प्रत्येक टीमने आपल्या बिल्ड स्क्रिप्टमध्ये करून घ्यावी. अर्ध्या दिवसाचे काम आहे.

मॅपमधली रिलेशनशिप टेबल ही दुसरी वाट. कोणता टॉपिक कोणाशी संबंधित आहे ते मॅपच्या तक्त्यात लिहायचे, टॉपिकच्या मजकुरात नाही. फ्लेअरमध्येही असा तक्ता आहे, त्यामुळे हे केवळ डिटावाल्यांचे सुख नाही. फ्लेअर वापरणाऱ्यांनी स्निपेटमध्ये दुवा ठेवण्याचा मोह टाळावा. ज्या टार्गेटमधून तो टॉपिक कंडिशनने गाळला आहे, तिथे तो दुवा लटकतो. फ्रेममेकरमध्ये जपायची जागा म्हणजे टेक्स्ट इन्सेटच्या मूळ फाइलकडे जाणारे क्रॉस-रेफरन्स. ती फाइल बुकमध्ये नसते, आणि पीडीएफमध्ये दुवा वाचकाला पुस्तकाबाहेर ढकलतो.

तक्त्यातले दुवे टॉपिकच्या तळाशी येतात, कृतीच्या मधोमध येत नाहीत, असा आक्षेप घेतला जातो आणि तो रास्त आहे. पण कृतीच्या मधोमध ज्याची गरज आहे, त्यासाठी दुवा मुळात देऊच नये. सुरक्षेच्या पायऱ्या जिथे लागतात तिथेच पूर्ण छापाव्यात. त्या सामाईक फाइलमधून ओढून घ्या, हवे तर. हातमोजे घालून उभा असलेला माणूस मोबाइलवर दुवा उघडत बसत नाही. तो पुढची पायरी करतो.

आता ज्या दुव्यांना कोणतेही साधन दुवा म्हणून ओळखत नाही त्यांच्याकडे वळू. ‘वर सांगितल्याप्रमाणे’, ‘मागील प्रकरणातील तक्ता’, ‘खालील आकृतीत दाखवलेला व्हॉल्व्ह’. हे सगळे दुवेच आहेत, फक्त साध्या अक्षरांत लिहिलेले. टॉपिक दुसऱ्या पुस्तकात गेला की ‘वर’ काहीच नसते, आणि ‘खाली’ दुसरीच आकृती असते. सामाईक भांडारात ‘वरील’, ‘खालील’, ‘मागील’, ‘पुढील’, ‘आधी’ हे शब्द आणि त्यांचे इंग्रजी भाऊ एकदा शोधून पाहा. जुन्या भांडारात हा शोध लांबलचक निघतो. तपासनिसाच्या यादीत शब्दलेखनाच्या आधी हे यावे.

मालकीचा प्रश्न मात्र कोणतीही आज्ञावली सोडवत नाही. सामाईक मजकुराची गत सातबाऱ्यावरच्या सामाईक विहिरीसारखी होते: पाण्याची पाळी सर्वांना पाठ, गाळ काढायची वेळ आली की कोणीच घरी नसते. प्रत्येक सामाईक फाइलवर एका माणसाचे नाव हवे; टीमचे नाव चालणार नाही. त्या माणसाने बदल करण्यापूर्वी ही फाइल कुठे कुठे वापरली आहे ते पाहावे आणि त्या पुस्तकांच्या लेखकांना कळवावे. मोठ्या सीसीएमएसमध्ये हा अहवाल एका क्लिकवर मिळतो. चार माणसांच्या टीमला तो खर्च झेपत नसेल तर गिटमध्ये फाइलचे नाव किंवा ‘की’चे नाव शोधूनही काम भागते. आणि प्रकाशित झालेली आवृत्ती टॅग लावून गोठवून ठेवावी. नाहीतर गुरुवारी कोणीतरी टॉर्कचा आकडा सुधारतो आणि शुक्रवारी मागच्या वर्षीच्या मॉडेलच्या पुस्तकाची पीडीएफ नव्या आकड्यासह निघते. आकडा नव्या बोल्टचा असतो.

सामाईक तुकडा किती लहान असावा, यावर आमचे मत कडक आहे. वाक्यापेक्षा लहान काही सामाईक करू नये. अपवाद फक्त एकटे उभे राहणारे शब्द: बटणावरचा मजकूर, भाग क्रमांक, कंपनीचे नाव. इंग्रजीत अर्धे वाक्य उचलून दुसरीकडे बसते, म्हणून इंग्रजीत लिहिणाऱ्याला त्याचा सोस लागतो. मराठीत व्हेरिएबलच्या जागी ‘पंप’ आले आणि पुढे ‘चे झाकण’ असेल तर ‘पंपचे झाकण’ छापले जाते. ‘पंखा’ आले तर ‘पंखाचे’. पंपाचे आणि पंख्याचे करण्याची बुद्धी व्हेरिएबलला नसते. ‘पंखा या यंत्राचे झाकण’ असा वळसा काही जण घेतात. तो सरकारी परिपत्रकात शोभतो, यंत्राच्या पुस्तकात नाही. जर्मनमध्ये हाच घोळ लिंगाचा आणि विभक्तीचा होतो, आणि जर्मन भाषांतराचा दर मराठीपेक्षा कितीतरी चढा आहे. तुकडे जितके बारीक तितका पुनर्वापर जास्त, हा हिशेब भाषांतरकाराच्या बिलापाशी येऊन फसतो. एक ना धड भाराभर चिंध्या.

दुव्यांच्या आयुष्याचा प्रश्न येत्या काळात कायद्याचा होणार आहे, आणि त्याचा थेट संबंध चाकण, पिंपरी-चिंचवड, नाशिक, कोल्हापूरच्या ज्या कारखान्यांची यंत्रे युरोपात जातात त्यांच्याशी आहे. युरोपीय संघाचा यंत्रसामग्रीविषयक नियम २०२३/१२३० हा २००६/४२/ईसी या जुन्या निर्देशाची जागा घेतो आणि २० जानेवारी २०२७ पासून लागू होणार आहे. त्यात वापराच्या सूचना डिजिटल स्वरूपात द्यायला मुभा आहे, पण अटींसह. त्या सूचना कशा मिळवायच्या हे यंत्रावर, ते शक्य नसेल तर पॅकिंगवर किंवा सोबतच्या कागदावर लिहिलेले हवे. त्या छापता आणि उतरवून ठेवता आल्या पाहिजेत. यंत्राच्या अपेक्षित आयुष्यभर, आणि बाजारात आल्यापासून निदान १० वर्षे, त्या ऑनलाइन मिळत राहिल्या पाहिजेत. खरेदीच्या वेळी ग्राहकाने कागदी प्रत मागितली तर ती महिन्याभरात विनामूल्य द्यावी लागेल.

व्यवस्थापकांना यात छपाईची बचत दिसेल. आम्हाला १० वर्षे दिसतात. या काळात प्रकाशनाचे सॉफ्टवेअर एकदा तरी बदलेल. होस्टिंगचा करार संपेल. आज एचटीएमएल पानांची नावे टॉपिकच्या शीर्षकावरून आपोआप बनत असतील, तर शीर्षकातली एक सुधारणाही पत्ता बदलून टाकेल. म्हणून पानाचा पत्ता शीर्षकावर अवलंबून ठेवू नका. टॉपिकच्या कायमच्या आयडीवरून बनवा आणि तो आयडी पुन्हा दुसऱ्या कशाला देऊ नका. पुस्तकातून टॉपिक काढला तरी त्याच्या पत्त्यावर एक पान राहू द्या, ज्यावर नवा मजकूर कुठे आहे ते सांगितलेले असेल. आणि यंत्राच्या प्लेटवर छापायचा क्यूआर कोड कधीही सॉफ्टवेअर पुरवणाऱ्याच्या डोमेनवर नेऊ नका. तो आपल्या कंपनीच्या डोमेनवरच्या, मॉडेल आणि अनुक्रमांक एवढेच असलेल्या छोट्या पत्त्यावर जावा. तिथून आजच्या पुस्तकाकडे कसे वळवायचे, ते सर्व्हरवर ठरते आणि हवे तेव्हा बदलता येते. कीरेफमध्ये मॅप जे काम करतो, तेच इथे सर्व्हर करतो.

यातली अडचण तांत्रिक नाही. कंपनीचे डोमेन बहुतेक ठिकाणी विपणन विभागाच्या ताब्यात असते, आणि ते दर काही वर्षांनी वेबसाइट मुळापासून नवी करतात. तेव्हा जुने पत्ते टिकवणे त्यांच्या कामाच्या यादीत नसते, कारण ते पत्ते लोखंडावर कोरून परदेशी गेले आहेत हे त्यांना कोणी सांगितलेलेच नसते. नव्या वेबसाइटची पहिली बैठक बोलावली जाईल तेव्हा डॉक्युमेंटेशन विभागाचे माणूस तिथे हजर असावे, आणि त्याच्या हातात आजवर प्लेटवर छापलेल्या प्रत्येक पत्त्याची यादी असावी.